नव्या नळीला दिवा

"तुम्ही बंदूक चालवता?" असं लोक मला विचारतात, तेव्हा मी पदर सारखा करून सांगते, "छे हो! मी तिला आंघोळ घालते." समोरचा माणूस हसतो. बाई विनोद करताहेत असं त्याला वाटतं. विनोद मी भरपूर करते, पण हा त्यातला नव्हे.

नवी बंदूक म्हणजे लखलखीत, तेल दिलेली, पेटीतून काढली की तयार, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ती नुकत्या जन्मलेल्या बाळासारखी येते, चिकट आणि मळकट. प्रवासात गंज चढू नये म्हणून कारखान्यात तिला आतूनबाहेरून घट्ट ग्रीस फासलेलं असतं. त्या ग्रीसमध्ये यंत्रावर घासताना उडालेला लोखंडाचा बारीक कीस अडकलेला असतो. एखादा स्क्रू अर्धाच पिळलेला असतो, एखाद्या भागाची कड धारदार राहिलेली असते. पहिला बार उडण्याआधी हे सगळं कुणीतरी बघायचं असतं. आमच्या क्लबात ते कुणीतरी म्हणजे मी.

आमचं घराणं बेंगळुरात मराठी फौजेबरोबर आलं. पूर्वज सेनापती नव्हते, सेनापतीच्या तलवारी घासणारे होते. फौज गेली, सेनापती गेले, तलवारी गेल्या, आमचं घासणं मात्र राहिलं. चिकपेठेच्या एका बोळात वडिलांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. ते मी चालवलं, आणि आता येलहंक्याच्या पलीकडे एका नेमबाजी क्लबाची हत्यारं सांभाळते. लग्न, मुलं, नवऱ्याची बदली वगैरे मजकूर प्रत्येक आत्मचरित्रात सापडतो. तो तिथेच वाचावा.

वडिलांच्या दुकानात भिंतीवर एक फाटलेली नळी टांगलेली होती. सोललेल्या केळ्यासारखी तिची टोकं बाहेर वळलेली. कुणीही नवी बंदूक घेऊन आला, की वडील आधी त्याला त्या नळीपाशी नेत आणि म्हणत, "अण्णा, बोट लावून बघा." माणूस बोट लावायचा, लोखंडाची ती पाकळी चाचपायचा आणि नकळत हात मागे घ्यायचा. मग वडील विचारायचे, "हिच्या आत काय अडकलं होतं, सांगा." कुणी दगड म्हणायचा, कुणी गोळी. वडील सांगायचे, "चिंधी. साफ करताना राहिलेली, ओली चिंधी."

आमच्या धंद्याचं सगळं भय एवढ्यात आलं. काडतुसातली दारू पेटली की तिला पुढे वाट हवी असते. वाट मोकळी असली तर ती छर्रे घेऊन निघून जाते. मध्ये काही अडलं, तर तो जोर मिळेल तिथून बाहेर पडतो. नळी फुगते, फाटते. नळीच्या खाली नेमबाजाचा हात असतो आणि मागे त्याचा चेहरा. अडलेली वस्तू किती मऊ होती, याची चौकशी दारू करत नाही.

म्हणून पहिला नियम: दांडीला पांढरं कापड गुंडाळून नळीतून फिरवत राहायचं. कापड आधी काळं येतं, मग तपकिरी, मग पिवळट आणि शेवटी जसं गेलं तसं पांढरं. दुसरा नियम: मग नळी उजेडाकडे धरून आरपार बघायचं. आत एकात एक अशी तेजाची वर्तुळं दिसतात. इतकं सुंदर दृश्य की मी अजूनही दर वेळी "आहाहा" म्हणते. आणि तिसरा नियम वडिलांचा: कितीही वेळा बघितलं असलं, तरी पहिल्या बाराच्या आधी पुन्हा बघायचं. कारण तुम्ही बघितलंत आणि बार उडाला, या दोहोंच्या मध्ये जग असतं, आणि जग फार उद्योगी आहे.

किती उद्योगी? चिक्कमगळूरच्या एका कॉफी मळेवाल्यांनी नवी बंदूक मागवली. ती के. आर. पुरमच्या एका गोदामात पावसाळाभर पडून राहिली. गृहस्थ ऐटीत म्हणाले, "अक्का, नवी आहे. स्वल्प पुसा आणि द्या, दुपारची बस आहे." मी दांडी घातली. दांडी निम्म्यात अडली. नळीच्या तोंडावरचं टोपण कधीतरी पडलं होतं आणि मातीचं घर बांधणाऱ्या माशीनं आत आपला संसार थाटला होता, पोराबाळांसकट. मी ते ढेकूळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. "तुमच्या बंदुकीत आधीच भाडेकरू आहेत," म्हटलं. त्यांनी बस सोडून दिली आणि भिंतीवरच्या त्या नळीला आपणहून बोट लावलं.

दुसरे एक गृहस्थ घरच्या घरी साफसफाई करून आले, खोबरेल तेलानं. थंडीत तेल थिजलं आणि चाप दाबला की घोडा जांभई दिल्यासारखा पडायचा. बंदुकीला महिनाभर चटणीचा वास येत होता.

पण ज्या दिवसासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो दिवस आयुधपूजेचा. आपल्याकडे जिला खंडेनवमी म्हणतात तीच. बेंगळुरात त्या दिवशी रिक्षापासून रोडरोलरपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडतात. आमच्या क्लबातही मांडव घालतात, पांढऱ्या चादरीवर सगळ्या बंदुका ओळीनं मांडतात, भटजी येतात. पूजेनंतर त्या वर्षीच्या नव्या बंदुकीतून मुहूर्ताचा पहिला बार उडवायचा, अशी रीत आहे.

त्या वर्षीची नवी बंदूक ईशानीची होती. ईशानी म्हणजे आमच्या क्लबातली सगळ्यात गुणी पोर. कॉलेजात शिकणारी, सडपातळ, कमी बोलणारी. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडण्याचा तिचा खेळ. वडील मिलिंद पुण्याहून आलेले, महादेवपुऱ्यात मोठ्या कंपनीत. आजी मूळच्या साताऱ्याकडच्या, नऊवारीतल्या, आवाजात सुभेदारी.

त्याआधीच्या काही महिन्यांत ईशानीचा खेळ एकाएकी बसला होता. आजींचं निदान तयार होतं. एका स्पर्धेच्या दिवशी कुणा बाईनं ईशानीच्या जुन्या बंदुकीच्या नळीतून आरपार बघितलं होतं आणि "अगबाई, काय लखलखीत!" असं म्हटलं होतं. त्या दिवसापासून पोरीच्या तबकड्या फुटेनात. दृष्ट! शिकवणाऱ्यानं सांगितलं खांद्याचा ताल बिघडलाय, डॉक्टरांनी सांगितलं झोप हवी. ईशानीनं सगळ्यांचं ऐकलं, पण विश्वास ठेवला आजींवर. ती जुनी बंदूक विकली. ही नवी घेतली. हिच्यानं सगळं ठीक होणार, असं पोरीनं मनात धरलं होतं. तिच्या डोळ्यांत ते दिसायचं आणि मला त्याची भीतीच वाटायची.

पूजेच्या दिवशी सकाळी मी ती नवी बंदूक न्हाऊमाखू घालून तयार केली. एकावर एक अशा दोन नळ्यांची बंदूक. दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून बघितल्या. आहाहा! तोंडांना तेलाचं बोट लावलं, झिलई आली. बंदूक बिजागरीशी वाकवून, उघडी ठेवून चादरीवर मांडली, कारण उघडी बंदूक म्हणजे रिकामी बंदूक, हे लांबूनही दिसतं.

आजी आल्या आणि थबकल्या.

"ही मोडली का?"

"नाही आजी, उघडी ठेवलीय."

"खंडित वस्तूची पूजा करतात होय ग? मिटव ती."

मिटवली. एवढं मी ऐकते. रिकामी आहे हे मला ठाऊक होतं, काडतुसं पार पलीकडच्या खोलीत कुलपात होती.

पूजा सुरू झाली. मिलिंदराव मांडवाच्या कडेला हातांची घडी घालून उभे होते. मला म्हणाले, "मॅडम, बेसिकली मी हे काही मानत नाही. आईसाठी सगळं. मेटल आहे, मशिनरी आहे, त्याला हळदकुंकू काय?" मी म्हटलं, "सरी सरी," म्हणजे बरं बरं. वाद घालायला माझ्याकडे दुसरी गिऱ्हाइकं आहेत. पण थोड्या वेळानं तेच पुढे झाले आणि म्हणाले, "फुलं मी लावतो, नीट अरेंज करतो." आणि बराच वेळ गुडघे टेकून ईशानीच्या बंदुकीपाशी झेंडू मांडत बसले. मला बरं वाटलं. माणूस तोंडानं काही म्हणो, हात शेवटी फुलांकडे जातात.

आरती झाली, नारळ फुटला, दाराशी कुंकू भरलेला कोहळा आपटला. क्लबाचे अध्यक्ष नाणय्या, उंच, पांढऱ्या मिशांचे, सगळ्यांना हाकारू लागले, "या या, मुहूर्त टळतोय!" पाहुणे खुर्च्यांवर सरसावून बसले. ईशानीनं बंदुकीवरची फुलं बाजूला केली आणि ती उचलली.

आणि मी बघितलं.

वरच्या नळीच्या तोंडाला माझी तेलाची झिलई जशीच्या तशी होती, झेंडूची एक पाकळीही तिला चिकटली होती. खालच्या नळीचे ओठ कोरडे होते. पुसल्यासारखे. जणू काहीतरी त्यांना घासून आत गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, ओठ पुसले गेले तर काय झालं? कुणाची बाही लागली असेल, फूल घासलं असेल. असेलही. पण या बंदुकीत पहिला बार खालच्या नळीतून जातो. आणि त्या नळीच्या खाली ईशानीचा डावा हात असणार होता.

"ईशानी, थांब ग. मला एकदा नळी बघू दे."

तिनं बंदूक माझ्याकडे केलीही असती. पण मध्ये आजी उभ्या राहिल्या. अक्षरशः मध्ये. नऊवारीची भिंत.

"काय बघायचंय?"

"नळी आजी. आरपार. एक क्षण लागतो."

"सकाळी बघितलीस ना?"

"बघितली. पण पहिल्या बाराच्या आधी परत बघतात."

"पूजा झालेल्या नळीत कुणी डोळा घालायचा नाही," आजी म्हणाल्या. "एकदा घातला कुणीतरी, त्याचं काय झालं ते भोगतोय आम्ही. आता पहिला बार होईपर्यंत तिच्यात माणसाची नजर जायची नाही. माझी नाही, तुझी नाही."

नाणय्या माझ्या कानाशी आले. आम्ही कन्नडमध्ये बोलतो. म्हणाले, "तुळजक्का, आज तरी नाटक नको. सगळे बघताहेत."

मिलिंदरावही पुढे आले होते. त्यांचा चेहरा मला जरा विचित्र वाटला. कपाळावर घाम. "मॅडम, तुम्ही एक्स्पर्ट आहात. मॉर्निंगला चेक केलंत ना? मग डबल चेक कशाला? लेट हर शूट."

आता इथे मी एक गोष्ट स्पष्ट करते. नाही म्हणायचा हक्क मला होता. मैदानावर कुणीही "थांबा" म्हटलं की थांबतात, आणि मी म्हटलं तर राजा आला तरी थांबतो. नळी न बघता तो बार मी होऊ देणार नव्हते, हे माझ्या मनात पक्कं झालं होतं. प्रश्न तो नव्हताच.

प्रश्न ईशानी होती. ती आजींच्या मागे बंदूक छातीशी धरून उभी होती. मी जबरदस्तीनं नळीत डोळा घातला, तर या पोरीच्या लेखी ही बंदूकही बाटली. मग आत काही निघो न निघो, ती तबकड्या फोडणार नव्हती, या वर्षी नाही आणि कदाचित कधीच नाही. मी बार रद्द केला, तरी तेच. अपशकुन! एका बाजूला पोरीचा हात, दुसऱ्या बाजूला पोरीचं मन. आणि वरून येलहंक्याच्या हवाई तळावरचं एक विमान कानठळ्या बसवत गेलं, तेवढीच काय ती मला विचार करायला मिळालेली सवलत.

विमानाचा आवाज विरला तेव्हा मी हात जोडून उभी होते.

"आजी, तुमचं खरं आहे," मी म्हटलं. "डोळा नकोच. पण दिवा राहिला."

"कसला दिवा?"

"नळीला दिवा दाखवायचा राहिला ना! आमच्याकडे खंडेनवमीला नव्या नळीतून दिवा दाखवल्याशिवाय पहिला बार करत नाहीत. पूर्वापार आहे. तलवारीला धारेवरून ओवाळतात, बंदुकीला नळीतून. माणसाची नजर आत जाता कामा नये, देवाचा उजेड गेला पाहिजे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं समोर तळहात धरायचा आणि तो उजेड हातावर झेलायचा. तो प्रसाद."

वाचकहो, यातला एक शब्दही खरा नव्हता. आमच्या घरात खंडेनवमीला वडील हत्यारांना गंध लावायचे आणि जेवून झोपायचे. पण मला माझ्याच आवाजाचा इतका विश्वास वाटू लागला की डोळे भरून आले.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. एवढं बारीक माझ्याकडे माझ्या सासूनंही बघितलं नव्हतं.

"तळहात कोणता?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"आण दिवा."

मी ईशानीकडून बंदूक घेतली, उघडली, आणि दोन्ही नळ्या लाकडी दस्त्यापासून सोडवल्या. भरलेली असो वा रिकामी, बंदुकीच्या तोंडासमोर कुणाचा हात धरायचा नसतो. पण दस्त्यापासून सुटलेली नळी म्हणजे नुसता पाइप. "मोडलीस?" आजी कळवळल्या. "आंघोळीला दागिने उतरवतात, तसं," मी म्हटलं. त्यांना ते पटलं.

ईशानीनं नळ्या आडव्या धरल्या. पूजेतलं निरांजन मी मागच्या बाजूला घेतलं. पुढच्या टोकाशी आजींनी तळहात धरला. उजेड दिसावा म्हणून मी त्यांचीच शाल त्यांच्या हातावर तंबूसारखी धरायला नाणय्यांना सांगितलं. एवढा उंच माणूस, शाल धरून वाकून उभा. पाहुणे खुर्च्यांवरून उठून भोवती गोळा झाले. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. कुणीतरी घंटी वाजवायला लागलं. मी काही सांगितलं नव्हतं हो!

दिवा वरच्या नळीशी नेला. शालीच्या अंधारात आजींच्या तळहातावर एक सोनेरी ठिपका उमटला, माळेतल्या सोन्याच्या पुतळीएवढा, गोल, थरथरता.

"अगबाई," आजी म्हणाल्या. सुभेदारी कुठल्या कुठे गेली. "ईशू, बघ."

दिवा खालच्या नळीशी नेला.

तळहात काळाच राहिला.

घंटी थांबली. मी दिवा जरा वर केला, जरा खाली. काही नाही.

"दुसरा कुठाय ग?" आजींनी विचारलं.

"अँगल चुकला असेल," मिलिंदराव म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

वरच्या नळीशी दिवा नेला, ठिपका आला. खालच्या नळीशी नेला, गेला. आता सगळ्यांना कळलं होतं. आणि सगळे माझ्याकडे बघत होते. ती बंदूक सकाळी कुणी साफ केली होती? नाणय्यांनी शाल खाली घेतली आणि हळूच विचारलं, "तुळजक्का, चिंधी राहिली काय?"

वडिलांच्या दुकानातली ती फाटलेली नळी माझ्या डोळ्यांसमोर आली. दर वेळी पांढरं येईपर्यंत कापड फिरवणारी मी. शेवटचं कापड मी काढलं होतं का? काढलं होतं. नक्की? आयुष्यभर लोकांना त्या केळ्याला बोट लावायला सांगणारीच्या हातून चिंधी! मी दांडी घेतली आणि मागच्या बाजूनं सावकाश आत सरकवली. निम्म्याच्या पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि तोंडाजवळ अडली. नळी तोंडाशी किंचित अरुंद असते. आत कोंबलेली वस्तू तो उंबरा ओलांडून गेली की मागे फुगून बसते, आपण होऊन बाहेर पडत नाही. मी तळव्यानं रेटलं. बाटलीचं बूच निघावं तसा "फट्" आवाज झाला आणि चादरीवर एक लाल पुरचुंडी पडली.

सुटली. मोहऱ्या चादरभर पळाल्या. जाडं मीठ. दोन सुक्या मिरच्यांचे तुकडे.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, त्याचं पहिलं रूप, सांगायला लाज वाटते, आनंदाचं होतं. "माझ्या चिंधीत मोहऱ्या नसतात!" मी भर मांडवात ओरडले. दुसऱ्या क्षणी मला ते मीठ दिसलं आणि मी त्याहून मोठ्यानं ओरडले, "मीठ! नव्या नळीत मीठ!" आमच्या धंद्यात मीठ म्हणजे गंजाला आमंत्रणपत्रिका.

ईशानीचं लक्ष दोन्हींकडे नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आजी, तू?"

"मी नाही ग." आजी चादरीकडे बघत होत्या. "मी दृष्ट काढते ती ओवाळून टाकते. कोंबत नाही कुठे."

मग मिलिंदराव खाली बसले, तिथेच चादरीच्या कडेला, मोहऱ्या गोळा करत असल्यासारखे.

"मी घातली," ते म्हणाले. "फुलं लावताना. मला वाटलं... फर्स्ट शॉटबरोबर उडून जाईल. बुचासारखी. ती जाईल आणि सगळी दृष्टपण जाईल."

"बाबा, तुम्ही?" ईशानी म्हणाली. "तुम्ही तर मानत नाही."

"नाही मानत," मिलिंदराव म्हणाले. त्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "पण तू रात्र रात्र जागतेस ग. मी काय करायचं?"

त्यांना काय होणार होतं ते कुणी समजावून सांगितलं नाही. मीही भिंतीवरच्या नळीची गोष्ट सांगितली नाही. एरवी मी ती श्राद्धाच्या पंगतीतही सांगते. फक्त ईशानीचा डावा हात आजींनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मिलिंदरावांनी त्या हाताकडे बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी कुणाच्या चेहऱ्यावर पुन्हा बघू इच्छित नाही.

मग आजीच म्हणाल्या, "ऊठ. लॅपटॉपला लिंबू-मिरची बांधलीस का रे तेवढं सांग." आणि लोक हसले, जरा जास्तच मोठ्यानं, जसं संकटातून वाचल्यावर हसतात.

मुहूर्त केव्हाच टळला होता. भटजींनी घड्याळाकडे बघून तोंड उघडलं, पण नाणय्या म्हणाले, "सरी भटरे, मुहूर्त काय, बस आहे. एक गेली, दुसरी येईल." मी ती नळी ब्रशनं घासली, मीठ गेल्याची तीनतीनदा खात्री केली, कापडं फिरवली, काळं, तपकिरी, पांढरं, मग तेलाचा हात दिला. आणि आता दिव्याशिवाय सुटका नव्हती. पुन्हा शाल, पुन्हा निरांजन. या वेळी शाल मिलिंदरावांनी धरली. वरच्या नळीचा उजेड आला. खालच्या नळीचा आला. आजींनी तो ठिपका असा मुठीत मिटला, जणू तो तिथे राहणार होता, आणि मूठ ईशानीच्या डोक्यावरून फिरवली.

ईशानी रेघेवर जाऊन उभी राहिली. काडतुसं भरली. तिनं हाक दिली, तबकडी उडाली. पहिला बार. तबकडी तशीच गिरक्या घेत गवतात जाऊन पडली. चुकला. मी तिच्या डाव्या हाताकडे बघत होते. धडधाकट, पाचही बोटांचा, नळीखाली स्थिर. इतका सुंदर चुकलेला बार मी जन्मात बघितला नाही.

दुसऱ्या तबकडीचा भुगा झाला.

"पहिली दृष्टीची होती," आजी शेजारच्या बाईंना सांगत होत्या.

ईशानीचा खेळ पुढे परत आला. दिव्यानं आला, खांद्याचा ताल सुधारल्यानं आला की बापाला तिनं त्या दिवशी मोहऱ्या वेचताना बघितलं म्हणून आला, ते मला विचारू नका. मी फक्त नळ्या बघते.

पण माझी पंचाईत पुढच्या वर्षी झाली. आयुधपूजेला मी येऊन बघते तो मांडवात प्रत्येक नव्या बंदुकीपाशी निरांजन. दिल्लीहून आलेल्या एका नव्या सभासदाला मिलिंदराव समजावत होते, "इट्स अ व्हेरी ओल्ड मराठा ट्रॅडिशन. तलवारीला धारेवरून, गनला नळीतून." मी खोकले. त्यांनी मला ओळखीचं हसू दिलं आणि पुढे चालूच ठेवलं. मी एका नळीत सवयीनं डोळा घालायला गेले, तर ईशानीनं मला मागे ओढलं. "अक्का! डोळा नको. दिवा." माझ्याच मैदानावर! आता क्लबात मला माझं काम पूजेच्या आधी आडोशाला जाऊन करावं लागतं. एवढंच खरं, की तेव्हापासून आमच्याकडे आयुधपूजेला दिवा आरपार गेल्याशिवाय एकही बार उडालेला नाही. वडिलांनी जन्मभर केळ्याला बोटं लावायला सांगून जे साधलं नाही, ते एका थापेनं साधलं. याचा अभिमान बाळगावा की खेद करावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पूजेच्या मांडवात मी खोटं बोलले, ते बोचतंच.

गेल्या आयुधपूजेला आजींना क्लबात येणं झेपलं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं द्यायला मी त्यांच्या घरी गेले, महादेवपुऱ्याच्या उंचावरच्या त्या फ्लॅटमध्ये. त्या पलंगावर बसून होत्या. आपट्याची पानं घेतली, मला जवळ बसवलं.

"दिवा दाखवला का सगळ्यांना?"

"दाखवला आजी."

"तुळजा," त्या म्हणाल्या, "असली काही रीत तुमच्यात नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. खंडेनवमी आमच्याही घरी होती. सासरे फौजेतले होते माझे."



"मग तळहात का धरलात?" मी विचारलं.

"तू 'बघू दे' म्हणालीस, तेव्हाच मला शंका आली होती. मलाही बघायचंच होतं ग. पण चारचौघांत नाही म्हणून बसले होते. आता हो कसं म्हणू? मागे जायला वाट नव्हती, पुढे पोर उभी." त्यांनी पानं उशीशेजारी ठेवली. "तू वाट काढलीस. मग मी काय, हात धरला."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. डोक्यावर तळहात आला, उजवा. आणि वरून तोच सुभेदारी आवाज:

"पण निरांजन डाव्या हातात धरलं होतंस. ते चुकलंच."